हलकी फटफटी

आमच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर कापसाशिवाय दुसरं काही ठेवायचं न्हाई असा शेठजींचा हुकूम होता, आणि तो हुकूम रोज मोडणारा माणूस शेठजींचाच एकुलता मुलगा होता. त्याला सगळं जालना भैयाजी म्हणायचं. मी पण तेच म्हणायचो, कारण काट्यावर मी होतो आणि पगार त्यांच्या घरचा होता. वयानं आम्ही बरोबरीचे. मी अंबडकडच्या कुणब्याचा पोरगा, थोडंफार शिकून शहरात आल्तो. ते मारवाडातून केव्हाच्या काळी इकडं येऊन राह्यलेल्या जैन घराण्यातले. मला ते ‘पाटील’ म्हणायचे. आमच्या घरात पाटिलकी कधी नव्हती हे मी त्यांना किती वेळा सांगितलं, पण पागोटं बांधून गावाकडून आलेला तो पाटील, अशी त्यांच्याकडची समजूत. शेवटी मी सांगायचं सोडून दिलं.

सकाळी मी कुलूप काढतो न काढतो तोच भैयाजी धोतराच्या सोग्यात काहीतरी गुंडाळून हजर. कधी दिवा, कधी धुराडं, कधी पाय ठेवायचा लोखंडी दांडा. सगळं त्यांच्या फटफटीचं. “पाटील, एवढं बघा जरा.”

“कालच तर बघितलं की.”

“काल गंजासकट होतं. आज घासून आणलंय.”

आणि मंग श्वास रोखून काट्याकडं बघत उभे राह्यचे. आमचा तो काटा मणांनी कापूस मोजणारा. घासलेल्या गंजाचं त्याला काय कळणार? पण भैयाजींना कळायचं. ते मान हलवून म्हणायचे, “बराबर. हलकं झालंय.” मी म्हणायचो, झालं असंल बाबा.

ते दिवस मोंगलाईतले, निजामाच्या राज्यातले. जालन्यात मोटारी बोटावर मोजण्याएवढ्या आणि फटफटी ही एकच. सिकंदराबादेच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना ती विकली आणि ती मालगाडीनं, लाकडी पेटीत गवतावर निजून जालन्याला आली. पेटी फोडताना मी टेसनावर होतो. माणसं म्हणत होती, आता हा शेठचा पोरगा वाऱ्यावानी पळणार. भैयाजींनी गाडीच्या पोटाखाली हात घालून ती जराशी उचलून बघितली, आणि त्यांचं तोंड उतरलं. “लई जड हाय हो,” म्हणाले. गाडी चालू करायच्या आधी त्यांनी बोललेलं हे पहिलं वाक्य.

पळायचं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. रेल्वेतला एक ओळखीचा गार्ड त्यांना जुनी इंग्रजी मासिकं आणून द्यायचा. त्यात विलायतेतल्या एका खेळाची चित्रं होती. माणसं फटफट्या घेऊन डोंगरातून, ओढ्यातून, दगडधोंड्यांतून चाललीत, आणि बाजूला छत्र्या धरून पंच उभेत. भैयाजींनी मला तो खेळ समजावून सांगितला तेव्हा आम्ही वखारीच्या पायरीवर बसलो होतो. दुपारच्या उन्हाच्या तिरपीत कापसाचे तंतू तरंगत होते आणि ते त्या तंतूंकडं बघतच बोलत होते.

“शर्यत न्हाई ती, पाटील. जल्दी जाणाऱ्याला तिथं काही मिळत न्हाई. हळू जायचं, पण पाय टेकायचा न्हाई. पाय जमिनीला लागला की हरला.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मंग त्यात काय मजा?”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला उगीच विचारलं असं वाटलं. मंग म्हणाले, “एक दिवस अशी गाडी करीन की ओल्या रानातून जाईल आन् माग बी उमटणार न्हाई. शहागडपासून गोदावरीच्या काठाकाठानं. पाणी एकीकडं, रान एकीकडं, मधून मी.” त्यांचा आवाज मुळातच हलका, अशा वेळी तर तो शेजारच्यालाही पुरायचा न्हाई. मला मोटारींतलं ओ की ठो कळत न्हाई, पण ते असं बोलू लागले की मलाही तो काठ दिसायचा. अजूनही दिसतो.

भैयाजींचे तीन शब्द होते: हलकं, भरवशाचं, स्वस्त. जगातली कुठलीही चीज पुढं आली की ती ते या तीन शब्दांत बसवून बघायचे. दोन बसतात, तिसरा बाहेर राहतो, असं त्यांचं ठाम मत. बैल भरवशाचा आणि स्वस्त, पण जड. कापूस हलका आणि स्वस्त, पण एक ठिणगी पडली की वखार गेली. त्यांच्या गाडीचे मूळचे भाग भरवशाचे, पण जड. तेच कासाराकडून पातळ पत्र्याचे करून घेतले तर हलके आणि स्वस्त व्हायचे, पण पहिल्याच खड्ड्यात वाकायचे. मुंबईहून चांगलं पोलाद मागवावं तर हलकं आणि भरवशाचं, पण खर्चा ऐकून शेठजी जेवण टाकून उठायचे. एकदा मी विचारलं, “आन् मी कुठं बसतो?”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुम्ही हलके आन् स्वस्त.”

“आन् भरवसा?”

“ते वेळ आली की कळंल.”

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो न्हाई. त्यांच्या ते ध्यानातच आलं न्हाई, म्हणून तिसऱ्या दिवशी मीच बोललो.

तिन्ही शब्द एकात बसल्याचा आनंद त्यांना एकदाच झाला. आमच्याकडची काळी माती मोठी चिवट; पाऊस पडला की ती चाक आणि त्यावरचा पत्रा यांच्यामध्ये अशी गच्च भरते की चाक फिरायचंच थांबतं. भैयाजींनी दोन्ही पत्रे काढून टाकले. मंग चिखल उडून तोंडावर येऊ लागला. त्यावर त्यांनी बुरूडआळीत जाऊन बांबूच्या कामट्यांची झापडी विणून घेतली. हलकी, स्वस्त आणि ओढून बघितली तर तुटंना. त्या दिवशी ते मला शोधत काट्यावर आले, माझा हात धरला आणि म्हणाले, “पाटील, तिन्ही सापडले.” डोळ्यांत पाणी होतं माणसाच्या. सगळ्या हमालांना गूळ-शेंगदाणे वाटले. संध्याकाळी गाडी फिरवून आले तेव्हा मागून धूर येत होता. धुराड्याच्या गरम नळीला चिकटून झापडी पेटलेली, आणि भैयाजी आपल्याच तंद्रीत, मागं काय जळतंय याचा पत्ता न्हाई. बाजारातली माणसं मागून ओरडत पळत आल्ती. वखारीजवळ विस्तव आणला म्हणून शेठजींनी त्यांना त्या दिवशी जे सुनावलं ते मी इथं सांगत न्हाई.

पागोट्याचीही एक गंमत आहे. वजन कमी करायचं म्हणून त्यांनी पागोटं घरी ठेवलं आणि बोडक्या डोक्यानं पेठेतून गाडीवर निघाले. आता मारवाड्याच्या घरचा कर्ता मुलगा बोडका दिसला म्हणजे लोकांनी काय समजायचं? अर्ध्या तासात पेढीवर माणसं गोळा झाली. जो तो पायरीवर येऊन हळहळत्या तोंडानं बसतोय, आणि समोर शेठजी गादीवर धडधाकट. कुणाला काय विचारावं कळंना. शेवटी एक म्हातारा आडत्या शेठजींनाच म्हणाला, “मंग गेलं कोण?”

पावसाळ्यात जिनिंग बंद असायचं. यंत्रं गप्प, पट्टे उतरवलेले, कोळिष्टकांत कापूस अडकलेला. बाहेर बारीक पाऊस आणि आत सरकीचा उबट वास. त्या दिवसांत भैयाजी आतल्या मोकळ्या जागेत गाडी चालवायची सवय करायचे. गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या, विटा, लाकडी ओंडके मांडून त्यांवरून हळूहळू जायचे. कोपऱ्यात सरकीचा ढीग होता, त्यावर चढायचे. सरकी चाकाखालून घसरायची, गाडी मागं यायची, परत चढायचे. मला त्यांनी पंच केल्तं. “गाडी बघू नका, पाटील. पाय बघा.” मी पोत्यावर बसून त्यांचे पाय बघायचो. टेकला की म्हणायचो, “टेकला.” ते मान डोलावून परत सुरुवातीपासून निघायचे. कधी वाद न्हाई. मला दिसला न्हाई आणि टेकला असं झालं तर स्वतःच थांबून म्हणायचे, “टेकला होता हो. आत्ता, त्या विटेपाशी.” असल्या माणसाला पंच कशाला लागतो, असं मला वाटायचं. पण दुपार बरी जायची. इंजिन एवढं हळू चालायचं की एकेक ठोका वेगळा ऐकू यायचा, आणि मला पोत्यावरच डुलकी लागायची.

आता मूळ भानगड सांगतो. अंबडच्या पुढं शहागडच्या वाटेवर एक ओढा लागतो. आमचं गाव त्याच्या जवळच. शेठजींची कापसाची खरेदी गोदाकाठच्या गावांत असायची, आणि भैयाजींनी ती खरेदी आपण फटफटीवर जाऊन करू असं बापाला सांगून ठेवल्तं. दोनदा गेले. एकदा पातळ साखळी तुटली, एकदा चाकात चिखल बसला, आणि दोन्ही वेळा त्याच ओढ्यातून गाडी माझ्या भावाच्या बैलांनी ओढून जालन्याला आणली. पेठेतून बैलांमागं फटफटी येते हे बघायला माणसं दुकानं सोडून उभी राह्यली.

शेठजी ओरडणारे न्हवते. त्यांनी मुलाला पेढीवर बोलावलं, मला पण बोलावलं. “बेटा, आणखी एक वेळ. ह्या पावसाळ्यातच जा. शहागडला जाऊन परत ये. आपल्या चाकांवर आलास तर गाडी तुझी, हिंडत राहा, मी बोलणार न्हाई. बैल लागले तर गाडी जाईल आन् तू ह्या गादीवर बसशील. पाटील ओढ्यावर थांबतील. ते सांगतील ते खरं.”

गादी म्हणजे पांढरी चादर, लोड, पुढं लाकडी पेटी, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत भाव. भैयाजी त्या चादरीकडं बघत राह्यले. त्यांना गादीचा राग न्हवता. पण ते मला एकदा म्हणाल्ते की तिथं बसलं की माझा श्वास पुरत न्हाई. ते खोटं बोलत न्हवते. पेढीवर बसले की त्यांना खरोखर धाप लागायची.

मंग वजन कमी करायचं काम जोरात सुरू झालं. दिवा गेला, टेकू गेला, हत्यारांची पेटी गेली. शेवटी एका सकाळी ते रिकाम्या हातानं आले आणि स्वतःच काट्यावर चढून बसले. भैयाजी अंगानं चांगले भरलेले. त्यांच्या घरचं तूप मी खाल्लंय, मला ठाऊक आहे. काटा बघून म्हणाले, “गाडीतून काढायसारखं काही राह्यलं न्हाई. आता माझ्यातून काढायला पाहिजे. ह्याला खर्चा बी न्हाई.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवण बंद केलं. नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवस असेपर्यंत. आणि नेमके तेव्हाच त्यांच्या लोकांचे पर्युषणाचे दिवस लागले. त्या दिवसांत जैन माणसं उपवास करतात, आणि ओळीनं आठ दिवस करणाऱ्याचं तर केवढं कौतुक. त्याला अठाई म्हणतात. पोरगं जेवत न्हाई हे शेठाणीबाईंच्या ध्यानात आलं, आणि त्या माउलीला काय वाटलं असंल? ज्या पोरानं जन्मात एक उपवास धड केला न्हाई तो अठाईला बसला. त्या त्याला धरून स्थानकात, म्हणजे त्यांच्या साध्वी चातुर्मासात राहतात तिथं, घेऊन गेल्या, साध्वी महासतीजींपुढं हात जोडायला लावून उपवासाचा नेम देववला. भैयाजी काहीतरी सांगायला तोंड उघडत होते, पण भोवती बायांनी गाणीच सुरू केली.

चार-पाच दिवसांत गावभर झालं. येणारा-जाणारा त्यांच्या पाया पडू लागला. आठव्या दिवसानंतर बग्गीतून वाजतगाजत मिरवणूक काढायचं ठरलं. एका दुपारी ते हळूहळू चालत माझ्याकडं आले, काट्याच्या दगडी ओट्यावर बसले. गाल बसलेले, पण डोळे कसे पाण्यानं धुतल्यावानी झालेले.

“काल बापूजी माझ्याजवळ येऊन बसले, पाटील. ‘सुखसाता हाय ना’ म्हणून खुशाली विचारली. मंग माझे पाय दाबले.”

शेठजी कुणाचे पाय दाबताना माझ्या डोळ्यांपुढं येईनात.

“म्हणाले, ती शर्त मी सोडली. ओढ्यावर जाऊ नको. गाडी तुझी.”

“मंग चांगलं झालं की. तोंड का उतरलंय?”

“मी काट्याखाली बोट लावून राह्यलोय,” ते म्हणाले. “वजन खोटं हाय हे.”

मी त्यांना खूप समजावलं. म्हटलं, उपवास तर खरा केला ना? पोट तर खरंच उपाशी आहे ना? आई खूश, बाप खूश, गाडी राह्यली. आता गप बसा. मला अजून वाटतं की मी काही चुकीचं सांगत न्हवतो. ते ऐकत होते, पण त्यांचं ध्यान दारातून येणाऱ्या पावसाकडं होतं.

पर्युषणाच्या शेवटी त्यांच्यात एक रीत आहे. एकमेकांना हात जोडून ‘खमतखामणा’ म्हणायचं, म्हणजे वर्षभरात माझ्याकडून काही चुकलं असंल तर माफ कर. लहान मोठ्याला, मोठा लहानाला, नोकर मालकाला, सगळेच सगळ्यांना म्हणतात. त्या सकाळी शेठजींच्या चौकात माणूस मावत न्हवता. बाहेर बग्गी सजवून उभी. मलाही बोलावणं होतं, मी खांबापाशी उभा होतो. उपवास सोडायला शेठजींनी मुगाचं पाणी वाटीत घेतलं आणि मुलापुढं धरलं.

भैयाजींनी हात जोडले. “बापूजी, खमतखामणा.”

सगळे कौतुकानं हसले. शेठजी पण म्हणाले, “खमतखामणा, बेटा. घे.”

“कशाबद्दल ते बी ऐका,” भैयाजी म्हणाले. “मी उपवास धर्माचा केला न्हाई. फटफटी ओढ्यातून वर चढावी म्हणून अंगाचं वजन उतरवलं. पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. आई खूश झाली, मंग तुम्ही जवळ बसलात, आन् माझ्यानं सांगवलं न्हाई. माफ करा.”

चौकात एवढी माणसं, पण घोड्याच्या गळ्यातले घुंगरू ऐकू येऊ लागले. शेठाणीबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. शेठजींच्या हातातली वाटी तशीच होती. माझ्या मनात आलं, आता ती फेकतात की काय. पण त्यांनी ती मुलाच्या ओठांना लावली, तो पाणी प्याला, आणि मंग शेठजी सगळ्यांकडं न बघता म्हणाले, “बग्गी परत पाठवा. आन् शर्त होती तशी आहे.”

शरमेनं माझीच मान खाली गेली. भैयाजींचा मला एवढा राग कधी आल्ता न्हाई, आणि त्यांच्याबद्दल एवढं वाईटही कधी वाटलं न्हाई.

चार दिवसांनी ते निघाले. अंगावर परत मांस चढायच्या आत जायचं, असं त्यांचं म्हणणं. उभं राह्यलं की डोळ्यांपुढं अंधारी येत होती, ते मला नंतर कळलं. मी आदल्या दिवशीच गावी जाऊन राह्यलो आणि सकाळी ओढ्याकाठच्या बाभळीखाली बसलो. भाऊ बैल घेऊन जरा लांब थांबला. बैल दिसले की भैयाजींना बरं वाटणार न्हाई म्हणून मीच त्याला तसं सांगितलं होतं.

सकाळी ते आले ते असे आले की मी उभाच राह्यलो. चाकांतली हवा कमी केलेली, त्यामुळं चाकं चिखलाला पसरून धरत होती. उतार उतरले, पाण्यातून सावकाश गेले, पलीकडचा चढ चढले. इंजिनाचा एकेक ठोका मोजून घ्यावा एवढं हळू. दोन्ही पाय गाडीवर. वर जाऊन त्यांनी मागं वळून बघितलं सुद्धा न्हाई, ज्वारीतून निघून गेले. आभाळ भरून आल्तं, रान हिरवंगार, आणि त्या हिरव्यात त्यांचं ते बोडकं डोकं तेवढं तरंगत लांब लांब गेलं. माझा भाऊ फटफटीला नेहमी शिव्या देणारा. तो पण पुढं येऊन बघत उभा राह्यला.

दुपारी पाऊस आला. एक सर, पण दणकून. ओढ्याचं पाणी फार वाढलं न्हाई, मात्र आमच्या बाजूचा चढ लोण्यासारखा झाला. उन्हं कलायच्या सुमाराला परत ठोका ऐकू आला. भैयाजी शहागडला जाऊन आल्ते. मला बघून किंचित हसले आणि पाण्यात उतरले.

चढ त्यांनी जवळजवळ संपवला होता. पुढचं चाक काठावर आल्तं. तेवढ्यात मागचं चाक जागच्या जागी फिरलं, इंजिन गुदमरून बंद पडलं आणि गाडी थांबली. थांबली, पण पडली न्हाई. ते तसेच तोल धरून बसले. मंग गाडी डावीकडं कलायला लागली. डावीकडं, त्यांच्या पायाखाली हातभर अंतरावर, चांगला रुंद धोंडा होता. त्यावर पाय ठेवला की झालं. मी धावत जाऊन पुढनं गाडी धरली असती, दोघांनी वर घेतली असती. बैल लागले नसते. शर्त पायाची न्हवतीच, बैलांची होती.

“पाय टेका, भैयाजी,” माझा भाऊ ओरडला.

त्यांनी धोंड्याकडं बघितलं. मी सांगतो, त्यांना तो दिसला होता. आणि मंग ते गाडीसकट सावकाश, दोन्ही पाय गाडीवर तसेच ठेवून, खाली ओढ्यात पडले.

आम्ही त्यांना बाहेर काढलं. खरचटलं होतं, बाकी काही न्हाई. गाडीच्या पुढच्या चाकाचा फाटा वाकला होता आणि इंजिनात पाणी गेल्तं. भावानं बैल आणले. बैलगाडीत कडब्यावर भैयाजी ओलेचिंब पडून होते, मागं दोरीला फटफटी. ते आभाळाकडं बघत होते. मंग म्हणाले, “पाय?”

“न्हाई टेकला.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“मंग बराबर,” ते म्हणाले आणि त्यांना झोप लागली. मी त्यांच्यावर माझी घोंगडी टाकली. मला रडू येत होतं, का ते सांगता येणार न्हाई.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी मला पेढीवर विचारलं, “बैल लागले?”

“लागले.”

“कुठं?”

मी सगळं सांगितलं. धोंड्यापर्यंत आलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. “पाय का न्हाई टेकला? मी पायाचं कधी बोललो न्हाई.”

“तो त्यांचा स्वतःचा कायदा हाय, शेठजी. विलायतेतल्या खेळाचा.”

“तिथं बघायला कोण होतं?”

“मी आन् माझा भाऊ. टेकला असता तरी आम्ही कुठं बोलणार होतो.”

शेठजी लोडाला टेकून डोळे मिटून बसले. मला वाटलं त्यांना झोप लागली. मंग त्यांनी भैयाजींना बोलावलं. ते लंगडत आले, चपला पायरीपाशी काढल्या, समोर उभे राह्यले. शिक्षा ऐकायची त्यांची तयारी झाली होती. मला तर वाटतं, शिक्षा झाल्यावर ती भोगून एक दिवस दुसरी गाडी आणायची, इथपर्यंत त्यांनी मनात ठरवलं असंल.

“शर्त सोड,” शेठजी म्हणाले. “गाडी ठेव, दुरुस्त कर, तुझी मर्जी. मी म्हातारा झालो, बेटा. ही पेढी कुणाच्या भरवशावर टाकायची ह्याचा मला घोर होता. त्या दिवशी तू सगळ्या गावासमोर बोललास तेव्हा मला राग आल्ता. काल कुणी सांगणारं नसताना बी तू पाय टेकला न्हाई. कास्तकार आपला वर्षाचा कापूस ज्याच्या तोंडाकडं बघून टाकून जातो, तो माणूस असा पाहिजे. तुझ्याशिवाय मला कोण आहे?” आणि त्यांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून पांढऱ्या चादरीवर, मुलापुढं ठेवला.

हुकूम असता तर भैयाजींनी मोडला असता. हुकूम ते रोजच मोडायचे. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्यासाठी काही करू शकतो का म्हणून. मी काय करणार? मंग ते खाली बसले, चादरीवर, आणि चाव्या उचलल्या. त्यानंतर मरेपर्यंत ते त्या जागेवरून उठले न्हाईत. त्यांच्या तोंडच्या वजनावर गोदाकाठची माणसं डोळे मिटून कापूस टाकून जात. फटफटी त्याच साली परत मालगाडीनं सिकंदराबादला गेली, ती त्यांनीच पाठवली.

पण त्या दिवशी, चाव्या हातात घेतल्यावर, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आवाज न्हाई, हुंदका न्हाई, नुसतं पाणी. शेठजींनी पुढं सरकून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, “बघा पाटील, पोरगा खुशीनं रडून राह्यला.” मी भैयाजींकडं बघितलं. आता ते बोलतील, कशाबद्दल ते बी ऐका म्हणतील, याची मी वाट बघत होतो. बापाचा हात पाठीवरून फिरत होता. भैयाजी काही बोलले न्हाईत.